जोशींच्या गाडीवरची तीन अक्षरं

घरात प्लास्टिकचे डबे साठतात ना, तसे आमच्या टोळक्यात किस्से साठलेत. डबा एकाचा, झाकण दुसऱ्याचं, आणि कुणाला परत करायचे ते कुणालाच आठवत नाही. त्यात गाड्यांचे सगळ्यात जास्त. यातले पहिले दोन-तीन मी कुठेही सांगतो, चहा न मागता सांगतो. नंतरचे सांगताना मात्र खाली बघतो. पण सुरुवात केली की मधेच थांबता येत नाही, म्हणून सगळेच सांगतो.

टोळकं म्हणजे सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनमधली आम्ही चार-पाच मराठी घरं. शनिवारी सकाळी जोशींच्या गॅरेजात बसायचं. त्या गॅरेजात गाडी सोडून सगळं होतं. कॅरम, फाटका सोफा, गणपतीची आरास, वहिनींचं लोणचं. गाडी बिचारी बाहेर उन्हात.

मला सगळे मामा म्हणतात. शाळा माझी आठवीत सुटली. पुढे तीस-पस्तीस वर्षं वाईहून महाबळेश्वरच्या घाटात टेम्पो चालवला. मुलानं इकडं आणलं, तेव्हा इथल्या शिकलेल्या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं की गाडीतलं मामांना कळतं. मी काय करायचो? टायरला लाथ घालायचो, बॉनेटला कान लावायचो आणि "हं" म्हणायचो. माझ्या त्या "हं"वर ब्लॅकटाउनात निदान सहा गाड्या खपल्या असतील.

आणि प्रत्येकाला पाहिजे ऑल व्हील ड्राइव्ह. म्हणजे इंजिनाची ताकद दोन नाही, चारही चाकांना जाते ती. बर्फात घसरत नाही म्हणून. आता ब्लॅकटाउनात बर्फ कुठे, तर फ्रीजरमध्ये. पण वर्षातून एकदा पोरांना घेऊन वर डोंगरात स्नो बघायला जायचं असतं, तेवढ्यासाठी बारा महिने चारही चाकं फिरवायची.

*

डॉक्टर सबनीस आमचे दातांचे. माणूस इतक्या बारीक नजरेचा की कुणी जांभई दिली तरी आत डोकावतो. त्यांनी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा शोरूममध्ये आम्ही सात जण गेलो. आणि बरोबर गणपतीचं मखर. दरवर्षी ते मखर ट्रेलरमधून मंडळाच्या हॉलवर न्यावं लागे, म्हणून यंदा डिकीत मावेल अशीच गाडी घ्यायची, असं सबनीसवहिनींनी बजावलं होतं.

सेल्समन आपला मायलेज सांगतोय, एअरबॅगा सांगतोय. सबनीस आणि मी मखर धरून प्रत्येक गाडीच्या मागे उभे. तिसऱ्या गाडीला त्यानं न राहवून विचारलं, "डॉल्स हाउस, मेट?"

सबनीस म्हणाले, "नो मेट. गॉड्स हाउस."

त्या गोऱ्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली. मखराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग मागची सीट खाली पाडू का?"

तीच गाडी घेतली.

*

माझा मुलगा नितीन आयटीतला. त्याला साधे पोहे खायचे असले तरी आधी तक्ता करतो. सूनबाई केतकी फिजिओथेरपिस्ट. तिला कूमाला नोकरी लागली. कूमा म्हणजे बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याचं गाव, सिडनीहून साडेचार-पाच तास. शिवाय आठवड्यातून दोन दिवस तिला आणखी वर एका क्लिनिकला जावं लागणार होतं. एकटीनं, गाडी चालवत, हिवाळ्यातसुद्धा.

केतकी गाडी शिकली ती इथं येऊन, पस्तिशीला. हायवेवर अजून तिचे खांदे कानाला लागतात. ती नितीनला एवढंच म्हणाली, "मला रंग नको, स्क्रीन नको. घसरणार नाही अशी गाडी सांग. बाकी मी बघून घेईन."

झालं. नितीननं एक्सेल उघडलं. सात गाड्या, बावीस कॉलम. त्याचा प्रिंट काढून फ्रिजवर लावला. महिनाभर आमच्या घरी दूध काढायला फ्रिज उघडला तरी आधी ग्राउंड क्लिअरन्स वाचावा लागे.

मी एके दिवशी पेन्सिलीनं खाली आठवी ओळ वाढवली. "बैलजोडी. आठही पायांना ताकद. बर्फात टायरला चेन बांधायला नको. हॉर्न स्वतःचा."

संध्याकाळी बघतो तर केतकीनं त्यापुढे सगळे बावीस कॉलम भरलेले. सेफ्टीला दहापैकी नऊ. सीट हीटर, नाही. आणि शेवटी शेरा: "सर्व्हिस सेंटर वाईला. बाबांना पाठवणे."

सासऱ्याची थट्टा अशी लिहून ठेवणारी सून मिळायला नशीब लागतं. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही, आता सांगायला तोंड नाही.

*

आता हा किस्सा त्याच्या दोन वर्षं आधीचा.

जोशींनी सेकंडहँड गाडी घेतली. मोठी, राखाडी रंगाची, चांगली होती. पण जोशी तिचं असं कौतुक करायचे की जणू घरी हत्ती बांधलाय. त्या मॉडेलमध्ये दोन प्रकार येतात. एक साधा, नुसती पुढची चाकं ओढणारा, आणि दुसरा ऑल व्हील. बाहेरून दोन्ही सारखे, फक्त ऑल व्हीलच्या मागच्या दारावर चकचकीत अक्षरं असतात, ए डब्ल्यू डी. जोशींची साधी होती.

एकदा मी सबनीसांबरोबर भंगार गाड्यांच्या यार्डात गेलो होतो, त्यांचा आरसा फुटला होता म्हणून. तिथं एका मोडक्या गाडीवर ही तीन अक्षरं दिसली. हात शिवशिवला. घरी आणली, टूथब्रशनं घासली, मागे दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली आणि शनिवारी जोशी आत चहा गाळत होते तेव्हा बाहेर जाऊन चिकटवून आलो. अगदी सरळ, पट्टी धरून.

मला वाटलं, दोन दिवसांत ओरडत येतील, "मामा, हा चावटपणा तुमचाच." दोन दिवस गेले, आठवडा गेला. पुढच्या शनिवारी जोशी कॅरमची सोंगटी हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाले, "मी मुद्दामच ऑल व्हील घेतली. फरक जाणवतो हो. वळणावर गाडी कशी धरून ठेवते."

माझा चहा नाकात गेला. आणि सबनीस मान हलवून म्हणाले, "मला परवा मागे बसून पण जाणवलं."

बास. हे ऐकल्यावर कोण सांगेल? मी तर दोन वर्षं त्यावर जगलो. कधीही कंटाळा आला की जोशींना विचारायचो, "काय म्हणते तुमची चारचाकी ताकद?" ते रंगात येऊन सांगायचे आणि मी आतल्या आत लोळायचो.

*

यंदा जानेवारीत जोशींची बदली ब्रिस्बेनला झाली. तिथल्या स्प्रिंगफील्ड लेक्सला घर घेतलं. तिकडं कसला बर्फ, त्यांनी मोठी गाडी विकायची ठरवली. शनिवारी गॅरेजात नितीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाहेर कुठे शोधतोस? माझी घेऊन जा. ऑल व्हील आहे, स्वतः वापरलेली आहे. केतकी माझ्या गाडीतून गेली तर मला तिकडं झोप लागेल."

नितीनच्या तक्त्यात ते मॉडेल दुसऱ्या नंबरला होतंच. त्यानं मागे जाऊन अक्षरं बघितली, बोटानं पुसलीसुद्धा, आणि म्हणाला, "आपल्या माणसाची गाडी. आणखी काय पाहिजे?" फ्रिजवरचा कागद त्या दिवशी निघाला.

मी तिथंच होतो. सोफ्यावर. हातात बशी.

तुम्ही म्हणाल, बोललात का नाही? बोलणार होतो. पण जोशींचे डोळे भरले होते, जागा सोडून चालले होते ते. म्हटलं, आत्ता सगळ्यांसमोर त्यांची फजिती कशाला, उद्या नितीनला एकट्याला सांगू. दुसऱ्या दिवशी जोशीवहिनींनी चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि मागे येऊन त्या तीन अक्षरांनाही हळदकुंकू लावलं. आता कुंकू लागलेल्या वस्तूला खोटं कसं म्हणायचं? म्हटलं, इथं जानेवारी म्हणजे उन्हाळाच तर आहे. हिवाळ्याआधी सांगू.

किल्ली हातात घेऊन केतकी माझ्याजवळ आली. बाकी कुणाला नाही, मला विचारलं तिनं. "बाबा, घसरणार नाही ना?"

मी म्हटलं, "टायर चांगले आहेत."

खोटं नव्हतं. टायर चांगलेच होते. या वाक्याची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात मारलेल्या कुठल्या थापेची वाटत नाही.

*

कूमाला गेलो. मार्च गेला, एप्रिल गेला. रोज सांगणार होतो. रोज काहीतरी निघायचं. कधी नितीनची मीटिंग, कधी नातीची शाळा, कधी माझाच घसा.

मग मी दुसरे उद्योग सुरू केले. बर्फात घसरू नये म्हणून टायरला बांधतात त्या चेन बाजारातून आणल्या. केतकीला अंगणात उभी करून रोज त्या बांधायला लावायच्या. ती म्हणायची, "बाबा, वरच्या नॅशनल पार्कात साध्या गाड्यांना चेनची सक्ती आहे. ऑल व्हीलला नाही. वाचलंय मी."

"सराव म्हणून," मी म्हणायचो. बांधायच्याही पुढच्याच चाकांना लावायचो. पुढच्याच का, हे तिनं कधी विचारलं नाही. मी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार.

जूनमध्ये काचेवर दंव गोठायला लागलं. मी पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या कालथ्यानं काच खरवडायचो. शेजारची म्हातारी बेव्ह कुंपणावरून बघायची. चौथ्या दिवशी ती प्लास्टिकची खरवडणी घेऊन आली आणि म्हणाली, "लव्ह, हे काचेसाठी. तुझ्या हातात आहे ते पॅनकेकसाठी." मी म्हटलं, "घावन." ती म्हणाली, "नो वरीज," आणि दुसऱ्या दिवशी घावन खायला आली.

हसायला ठीक आहे. पण तेव्हा नितीन बायकोला म्हणाला, "बघ, बाबा तुझी किती काळजी घेतात." त्यापेक्षा त्यानं मुस्काटात दिली असती तर बरं वाटलं असतं.

*

जुलैमधली गोष्ट. रविवार होता. केतकी वरच्या क्लिनिकमधून जेवणाच्या वेळेला परत आली, पर्स सोफ्यावर टाकली आणि हसायला लागली. हसतेय, पण गाडीची किल्ली काही हातातून खाली ठेवेना.

म्हणाली, "आज गाडी गेलीच होती. पुलाच्या अलीकडच्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसत होता, आणि होता बर्फ. पुढची बाजू सरळ चालली, मी स्टिअरिंग वळवतेय आणि गाडी ऐकतच नाही. दगडी कठड्यापाशी थांबली. एवढं अंतर." तिनं हातानं दाखवलं. वीतभर. "ऑल व्हील होती म्हणून वाचले. जोशीकाकांना फोन करून थँक्यू म्हणते."

तिनं फोन उचललाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ती ऑल व्हील नाही. अक्षरं मी चिकटवलीत."

काय झालं सांगू? दोघंही हसले.

"बाबा, आज नको," नितीन म्हणाला. "ती घाबरलीय." नात म्हणाली, "आजोबा, नॉट फनी."

त्यांचं काय चुकलं? आल्या आल्या मीच नितीनला सांगितलं होतं की कूमाच्या कौन्सिलमध्ये प्रेशर कुकरच्या शिट्टीची नोंद करावी लागते, आणि तो चाळीस मिनिटं वेबसाइटवर फॉर्म शोधत होता. जन्मभर थापा मारल्या, त्या सगळ्यांवर लोकांनी विश्वास ठेवला. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर माणसं पोट धरून हसतायत.

मी कालथा घेतला, बाहेर गेलो आणि गाडीच्या मागची अक्षरं उचकटून काढली. टेपेसकट आली. खाली रंगाला एक ओरखडा नाही, भोक नाही. ती आणून टेबलावर ठेवली, जेवणाच्या ताटाशेजारी. अजून कुंकू होतं त्यांना.

नितीन ओरडला, "गाडी का फोडताय?" केतकी ओरडली नाही. तिनं अक्षरं उलटी केली, टेपेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "दाखवा."

अंगणात जुना गालिचा टाकला आणि आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. सासरा आणि सून, पाठीवर शेजारी शेजारी, बर्फाचा चिखल अंगाखाली. मी टॉर्च मारला. "इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत दांडा लागतो. आणि दोन चाकांच्या मध्ये नारळाएवढा गोळा. इथं असायला पाहिजे होता."

तिनं वरती हात लावला. "हा?"

"तो धुराचा पाइप."

तिनं पाइपावरचा हात काढला. मग म्हणाली, "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"दोन वर्षं."

"म्हणजे मी किल्ली घेतली तेव्हा."

"हो."

ती बाहेर सरकली, उठली, आत जाऊन हात धुतले. वरण गरम केलं. रोजच्यासारखं पहिलं पान माझं वाढलं. मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली. मी घाटात टेम्पो उलटल्यावरसुद्धा जेवलेला माणूस. त्या दिवशी पान तसंच ठेवून उठलो.

*

जोशींना फोन मी केला. ते काम मी नितीनला करू दिलं नाही.

सगळं सांगितलं. यार्ड, टूथब्रश, पट्टी धरून सरळ लावलेली अक्षरं.

मग जोशी अगदी हळू म्हणाले, "पण मामा, वळणावर धरायची हो ती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एका सकाळी दिसली अक्षरं, तर मला वाटलं मीच इतके दिवस नीट बघितलं नाही. कुणाला विचारायची लाज वाटली." मग म्हणाले, "मामा, दोन हिवाळे मी मुलांना घेऊन वर गेलो होतो. चेन न घेता. चेन घ्यायला निघालो होतो, तर तुम्हीच म्हणालात, तुम्हाला कशाला, तुमची चारचाकी ताकद."

म्हणालो असेन. म्हणालोच होतो. सगळे हसले होते तेव्हा.

"ठेवतो," म्हणाले. ठेवला. तीन आठवडे फोन नाही. चौथ्या आठवड्यात एक मेसेज आला. नव्या छोट्या गाडीचा मागून काढलेला फोटो. त्याखाली एवढंच: "जशी घेतली तशी आहे का, बघून सांगा."

ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही. मी फोटो मोठा करून तीनदा बघितला आणि लिहिलं, "आहे."

*

तोवर केतकी वर जायची ती तिथल्या नर्सच्या गाडीतून. माझ्याशी बोलायची, जेवढं लागेल तेवढं. चहा ठेवते. गोळी घेतली का. दार लावा. फ्रिजवरच्या थट्टा बंद. मी पेन्सिलीनं दुधाच्या यादीत "म्हैस, एक" लिहून बघितलं. तिनं दूध आणलं, यादी केराच्या डब्यात टाकली.

ऑगस्टमध्ये नवी गाडी बघायला कॅनबेराला जायचं ठरलं. मी नातीजवळ घरी थांबणार हे मीच गृहीत धरलं होतं. सकाळी केतकी माझ्या दारात उभी राहिली. "बाबा, आवरा. तुम्हाला यायचंय."

शोरूममध्ये एक तरुण मुलगी होती, हातात टॅबलेट. तिनं छान समजावून सांगितलं. चारही चाकं कशी चालतात, बर्फाचं बटण कुठलं, सगळं चित्रासकट. नितीन मान हलवत होता. मी जरा लांब, फिकस की काय त्या कुंडीजवळ. लाथ नाही, कान लावणं नाही, "हं" तर नाहीच.

केतकीनं तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग मागे वळून म्हणाली, "बाबा, खाली बघा."

आरशासारखी फरशी ती. मी गुडघे धरत बसलो, मग आडवा झालो, मग पाठीवर सरकत गाडीखाली गेलो. वरून त्या मुलीचा आवाज आला, "इज ही ओके?" नितीन म्हणाला, "ही इज फॅमिली."

बघितलं. दांडा होता. इंजिनाकडून निघालेला, चांगला जाडजूड, सरळ मागपर्यंत. मागे दोन चाकांमध्ये गोळा. त्यातून दोन्हीकडे गेलेले हात. मी बोटानं चाचपून बघितले. दोनदा.

"आहे," मी खालून म्हटलं.

मग मला केतकीचे बूट दिसले. पर्स नितीनकडे देताना ती ऐकू आली. बुटांशेजारी तिचा कोट पडला, आणि त्या सगळ्या लोकांसमोर फरशीवर आडवी होऊन ती माझ्या शेजारी आत आली.

"सरका," म्हणाली.

मी सरकलो.